पुढच्या चाकातली हवा

६ जानेवारी

ताई,

नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण यंदा ते जड जातंय, म्हणून तेवढं गाळतो. तुझे गुडघे कसे आहेत? सासूबाई आता उशीला टेकून बसतात का? तू परत गेलीस त्याला बारा दिवस झाले. पोचल्याचा तुझा फोन आला त्याच दिवशी पत्र टाकणार होतो, राहून गेलं. माझंच चुकलं.

फोन का करत नाहीस असं विचारशील. अगं, घर दोन खोल्यांचं, तुझ्या लेकाचा पलंग पुढच्या खोलीत, आणि मी फोन कानाला लावला की ही स्वयंपाकघरातून मोठ्याने विचारते, "ताई काय म्हणतात?" मग सगळं त्याच्यासमोरच बोलावं लागतं. म्हणून दुकानात बसून लिहितोय. दुपार आहे, गिऱ्हाईक नाही, समोर दोन पंक्चर पडून आहेत, त्यांना घाई नाही.

भिंगरीची खबर अशी. (चोवीस वर्षांचा घोडा झाला तरी आपल्या तोंडी भिंगरीच.) टाके काढले. खुब्यातली सळी नीट बसली आहे. पुढच्या महिन्यात कुबड्यांवर उभा करतील. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र अजून मिटत नाही. डॉक्टर म्हणतात, नस दुखावली आहे, सहा महिने थांबा. मी विचारलं, सहा महिन्यांनी मिटेल का? तर म्हणाले, ते सहा महिन्यांनी सांगू. मी गिऱ्हाइकाला असं उत्तर दिलं असतं तर त्याने पंपच डोक्यात घातला असता. पण तिथे आपण मान हलवून बाहेर येतो.

शर्यतीत त्याच्या मागून सायकलवर येत होता तो बारक्या, त्याच्या अंगावर आदळून पडलेला, त्याचा जबडा तारेने बांधलाय. सगळं नळीने पितोय. भिंगरीने पडल्यापडल्या उजव्या हाताने सायकल क्लबला लिहून दिलं की उतारावर खड्डा होता, तो मला दिसला नाही, मी चाक त्यात घातलं, चूक माझी. मी तिथेच बसलो होतो. कागदाखाली धरायला पाटी मीच दिली.

तू फोनवर म्हणालीस, "त्या रुंद टायरांनीच घात केला. तू किती सांगत होतास, त्याने ऐकलं नाही." ताई, असं म्हणू नकोस. निदान त्याच्यापाशी तरी नको. टायरांचं काय झालं होतं ते तुला नीट सांगतो, कारण तू ते माझ्याच तोंडून ऐकलंयस आणि मी तेव्हा तावात होतो.

मी पस्तीस वर्षं शर्यतीच्या सायकलींना तेवीसचे टायर घातले. तेवीस म्हणजे तेवीस मिलिमीटर रुंद, माझ्या अंगठ्याएवढा. त्यात हवा भरायची एकशेदहा पौंड, जड माणूस असेल तर एकशेवीस. टिचकी मारली की टण्ण वाजलं पाहिजे. कडक टायर रस्त्याला कमी घासतो, कमी घासला की जास्त पळतो. हे मला वस्तादांनी सांगितलं आणि मी पुढे शंभर जणांना सांगितलं. खरंच पळतो का, हे कोणी मोजलं नाही. आमची हाडं खिळखिळी व्हायची आणि आम्हाला वाटायचं, एवढं हलतंय म्हणजे नक्कीच जोरात चाललोय.

गेल्या वर्षी भिंगरीने नवी चाकं आणली आणि म्हणाला, मामा, अठ्ठावीसचे टायर घाल. मी म्हटलं, अठ्ठावीसचे घालून काय भाजी आणायला जाणार आहेस? तो हसला, वाद घातला नाही. तुला माहीत आहे तो वाद घालत नाही, दाखवतो. मला गोदामामागच्या खडबडीत उतारावर घेऊन गेला. वरून पाय न मारता सायकल सोडायची आणि जिथे थांबेल तिथे खडूने रेघ मारायची. आधी माझे तेवीस, एकशेदहा पौंड. मग त्याचे अठ्ठावीस, पासष्ट पौंड. त्याची सायकल माझ्या रेघेच्या पुढे अकरा पावलं गेली. मी म्हटलं, वारा होता. पुन्हा केलं. नऊ पावलं. मी म्हटलं, चल घरी, भूक लागली.

नंतर त्याने मला समजावलं, आणि तेही अगदी हळू बोलत, मी म्हातारा बहिरा असल्यासारखं. कडक टायर रस्त्यावरच्या प्रत्येक खड्याशी भांडतो. प्रत्येक वेळी सायकल जराशी वर उडते, आणि उडण्यात गेलेला जोर पुढे जाण्यातून वजा होतो. मऊ टायर खडा पोटात घेतो आणि पुढे सरकतो. फार मऊही नको, मग वळणावर लोळतो आणि खड्ड्यात थेट रिमला ठोक बसतो. म्हणून ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे हवा. हा पठ्ठ्या सायकल खांद्यावर घेऊन वजनकाट्यावर उभा राहायचा. दोघं मिळून सदुसष्ट किलो. पुढे साठ पौंड, मागे चौसष्ट. ओल्या रस्त्यावर आणखी तीन कमी. सगळं वहीत लिहिलेलं.

तेव्हा टायरांचा दोष नाही. उतारावर खड्डा होता, त्यात चाक गेलं. असं सगळे म्हणतात.

जाताना तू म्हणालीस, चार दिवस राहिले आणि आपलं धड बोलणंसुद्धा झालं नाही. मला सारखं औषधं आणायला, डबा आणायला जावं लागत होतं. खरं म्हणजे डबा दिवसातून एकदाच आणायचा होता. असो. सासूबाईंना नमस्कार सांग.

तुझा धाकटा

———

१५ मार्च

ताई,

नमस्कार. हे पत्र एकटी असशील तेव्हा वाच. सासूबाईंना वाचून दाखवायची तुझी सवय आहे, हे दाखवू नकोस.

भिंगरी कुबड्यांवर चालतो. घरातल्या घरात बरा चालतो. परवा त्याला घेऊन औषधाच्या दुकानापर्यंत गेलो. आमचा रस्ता तुला माहीत आहे, एक रिक्षा गेली की पुढची यायला पाच मिनिटं. तो फुटपाथच्या कडेला थांबला. मी म्हटलं, चल. तो म्हणाला, काही येतंय का? मी म्हटलं, तूच बघ ना. त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे. रस्ता रिकामा होता गं. तो हलला नाही. मग म्हणाला, "मामा, तू सांग." मी त्याचा कोपर धरला तेव्हा कुठे उतरला.

डोळे दोनदा तपासून झाले. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. तो म्हणतो, असतील, पण खड्डा दिसला नाही ना. कुरियरच्या गाडीवर आता चालक म्हणून येणार नाही असं त्याने साहेबांना कळवलं. साहेब भला माणूस आहे, म्हणाला, पाय बरा झाला की ये, गाडी तुझीच आहे. याने सांगितलं, पायाचा प्रश्न नाही, माझ्या नजरेचा भरवसा नाही, रस्त्यात कोणी मेलं तर? आता गोदामात पार्सलांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम मागितलंय. सायकल विकून टाक म्हणून माझ्या मागे लागलाय. बारक्याच्या घरी जातो आणि मान खाली घालून बसतो. बारक्याला बोलता येत नाही, आणि हा बोलत नाही. त्याची आई दोघांना चहा देते, एकाला कपात आणि एकाला नळीने.

हे सगळं तुला फोनवर कळलेलं आहे. आता जे कळलेलं नाही ते लिहितो.

शर्यतीच्या सकाळी आम्ही मैदानावर पोचलो. भिंगरीने घरूनच हवा मोजून भरली होती. तो पाठीवर लावायचा नंबर आणायला गेला आणि जाताना म्हणाला, मामा, सायकल धर. माझ्या शेजारी दुसऱ्या क्लबचा मेकॅनिक होता, माझ्याच वयाचा, टक्कल पडलेला. त्याने येऊन पुढचा टायर दाबून पाहिला आणि म्हणाला, "काय मामा, शर्यतीला आलात की हवा खायला?" आणखी दोघं होते, ते हसले.

 तो वळला आणि माझा अंगठा आपोआप टायरवर गेला. अंगठा आत गेला. पस्तीस वर्षं या अंगठ्याने मला सांगितलंय की आत गेला म्हणजे हवा कमी. अकरा पावलं, नऊ पावलं, सगळं डोक्यात होतं, पण अंगठ्याला ते पटलेलं नव्हतं. पंप पायाशीच होता. मी पुढच्या चाकाला लावला आणि काटा एकशेपाचवर जाईपर्यंत मारला. टिचकी मारली. टण्ण वाजलं. मला बरं वाटलं, ताई. मी त्या टकल्याकडे बघितलंसुद्धा. मागचं चाक भरणार तेवढ्यात भिंगरी आला आणि मी पंप बाजूला केला.

जुन्या रिमची कड आत वळलेली असते, ती टायरला धरून ठेवते, कितीही हवा भरा. त्याच्या नव्या चाकांची कड सरळ होती. वजनाला हलकी पडतात म्हणून तशी करतात. टायर तिथे फक्त मापात बसतो म्हणून टिकतो, त्याला पकडायला काही नसतं. त्यामुळे रिमवर बारीक अक्षरात छापलेलं असतं, बहात्तर पौंडांच्या वर हवा भरू नका. भिंगरीने मला ते चष्मा लावून वाचायला लावलं होतं. मी वाचलं होतं. त्या सकाळी ते माझ्या डोक्यातून गेलंच होतं असंही नाही. मला वाटलं, छापणारे घाबरट असतात.

एवढंच असतं तरी कदाचित मी तुला तेव्हाच सांगितलं असतं. पुढचं सांगायला जीभ उचलत नाही, म्हणून लिहितोय. उताराच्या आधी पाणी द्यायला मी उभा होतो. भिंगरी थांबला, एक पाय जमिनीवर टेकून बाटली घेतली आणि म्हणाला, "मामा, आज पुढचं चाक फार उडतंय रे. हात बधिर झालेत." दहा सेकंदांचं काम होतं. व्हॉल्व्ह दाबायचा, फुस्स करून हवा सोडायची. पण तसं केलं असतं तर सांगावं लागलं असतं की मी भरली. तेही बारक्या आणि आणखी चार जणांसमोर. मी म्हटलं, "रस्ता खराब आहे. जा."

तो गेला. मिनिटभरात खालून आवाज आला. फटाका फुटावा तसा. मी पन्नास फुटलेले टायर ऐकलेत, मला तिथेच कळलं की टायर रिम सोडून बाहेर आला आहे.

दुसऱ्या दिवशी क्लबच्या गाडीतून सायकल दुकानात आली. मी पुढच्या रिमवरून सगळीकडे बोट फिरवलं. खड्ड्यात आपटली असती तर कडेला ठोक, म्हणजे पोचा, असता. ठोक नव्हता. टायरला काप नव्हता. मी शटर अर्धं ओढलं, टायर कातरीने चार ठिकाणी कापला, रिमच्या तारा सोडल्या, रिम वाकवली आणि सगळं भंगारात घातलं. पुढे काय करायचं असा काही विचार नव्हता. ते डोळ्यांसमोर नको होतं. भंगारवाला त्याच दिवशी घेऊन गेला.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. गुंगीतून उठल्यावर भिंगरीने पहिलं विचारलं ते हे, "मामा, चाक बघितलंस? काय झालं होतं?" आणि मी म्हटलं, "रिमवर ठोक आहे. खड्डा लागला तुला." तो छताकडे बघून म्हणाला, "मला दिसलाच नाही रे."

त्याला खड्डा दिसला नाही, ताई, कारण खड्डा नव्हता. त्याचे डोळे बरोबर आहेत. ते मी माझ्या एका वाक्याने बिघडवले.

मी त्याला सांगणार आहे. आधी तुला सांगितलं, कारण तू त्याची आई आहेस. तुला जे वाटेल ते लिही.

तुझा भाऊ

———

४ मे

ताई,

तुझं पत्र मिळालं. नमस्कार वगैरे तू लिहिलेलाच परत पाठवतो.

चार वेळा वाचलं. तू लिहितेस, "तू लहानपणापासून असाच आहेस. बाबांचं घड्याळ मी फोडलं आणि मार तू खाल्लास. आता माझ्या लेकाचं दुःख तुला बघवत नाही म्हणून तू हे स्वतःवर ओढून घेतोयस. वेड्या, स्वतःला इतका त्रास करून घेऊ नकोस. तुझ्यामुळेच तो आज उभा आहे."

घड्याळाचं खरं आहे. पण तेव्हा मी खोटं बोललो होतो आणि आता खरं बोलतोय, यातला फरक तुला दिसू नये? तुला दिसणार नसेल तर दुसऱ्या कोणाला दिसणार, असं मनात येतं.

मी त्याला सांगितलं. तुझं पत्र येण्याआधीच सांगितलं, एका सकाळी, चहा झाल्यावर. तुला लिहिलं तसंच, टकल्यापासून भंगारापर्यंत. तो ऐकत होता.  मला वाटलं, आता उठेल, कुबडी फेकून मारेल. मी बसल्या जागी तयार होतो. त्याने त्याचा तो डावा हात, दोन बोटं ताठ असलेला, माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाला, "मामा, तू पण ना."

मी म्हटलं, अरे, मी खरं सांगतोय. तो म्हणाला, "मग दवाखान्यात ठोक आहे असं का म्हणालास?" मी म्हटलं, घाबरलो होतो. तो म्हणाला, "तेव्हा तू नुकतंच चाक पाहिलं होतंस. तेव्हा तुला माझ्याकडे बघून वाईट वाटायला वेळसुद्धा झाला नव्हता. आता चार महिने मला बघतोयस, म्हणून हे सुचतंय." मी आठवण करून दिली, उताराआधी तूच म्हणाला होतास, पुढचं चाक उडतंय. तो म्हणाला, "रस्ता खराब होता. तूच म्हणाला होतास."

ही म्हणाली, "अहो, कशाला त्या पोराला आणखी गोंधळात टाकता?" हिलाही पटलेलं नाही.

यात माझी सवय आडवी येते, ताई. तुला माहीत नसेल, तू दुकानात कधी बसली नाहीस. दुकानाची रीतच आहे ती, वस्तादांपासूनची. गिऱ्हाईक मोडकी सायकल घेऊन आलं आणि कुरकुर करायला लागलं की आपण आधी म्हणायचं, माझंच चुकलं असेल, बघतो. त्याने स्वतः सायकल भिंतीवर घातलेली असते, त्याला ते ठाऊक असतं, मलाही ठाऊक असतं. पण तेवढं म्हटलं की भांडण तिथेच विझतं आणि कामाला लागता येतं. आता सगळा गाव माझी टिंगल करतो. क्लबची पोरं पायात गोळा आला तरी ओरडतात, मामा, तुमचंच चुकलं. पस्तीस वर्षं मी ते वाक्य असं स्वस्त करून ठेवलं, आणि आता एकदा खरंच म्हणायचं आहे तर त्याला कोणी हात लावत नाही.

क्लबच्या सेक्रेटरींकडे गेलो. म्हटलं, भिंगरीने लिहून दिलेला कागद काढा आणि त्यावर माझं लिहून घ्या. त्यांनी मला पाणी दिलं. मग म्हणाले, "मामा, तुम्हाला कोण ओळखत नाही? तुम्ही उद्या म्हणाल उतारसुद्धा तुम्हीच बांधला." मी तिथल्या तिथे कागद लिहिला, सही केली. त्यांनी घडी करून खिशात घातला, फाइलला लावला नाही. दारापर्यंत सोडायला आले. त्या टकल्या मेकॅनिकलाही जाऊन भेटलो, म्हटलं तू तरी सांग, तू टायर दाबलास, हसलास. त्याला आठवतच नाही. म्हणाला, मी रोज दहा जणांची टर उडवतो हो.

मग मला वाटलं, तोंडाने होत नाही तर हाताने करून दाखवू. भिंगरीचाच स्वभाव तो, वाद न घालता दाखवायचं. शहरातल्या मोठ्या दुकानातून तसलंच सरळ कडेचं चाक मागवलं, तसलाच अठ्ठावीसचा टायर. शनिवारी सकाळी भिंगरीला दुकानात आणून स्टुलावर बसवलं. बारक्यालाही बोलावलं, त्याची तार आता काढली आहे, बोलतो थोडं. पंप लावला. म्हटलं, बघा आता. सत्तर. ऐंशी. नव्वद.  शंभर. एकशेपाच. दोघांना मागे सरकवलं. एकशेदहा.

टायर जागचा हलला नाही.

 मी चाकाला दंडुक्याने मारलं. उन्हात ठेवलं. जमिनीवर आपटलं. टण्ण टण्ण वाजत राहिलं. असं का झालं ते मला माहीत आहे. जागच्या जागी टिकतो तो, उतारावर धक्के बसतात, टायर तापतो, वळणावर अंगाचा भार एका बाजूला पडतो, तेव्हा सुटतो. कधी सुटतो, कधी नाही सुटत. मी हे सांगत होतो आणि माझ्याच कानांना ते बनवून सांगितल्यासारखं वाटत होतं. बारक्या हळूच म्हणाला, "मामा, राहू द्या." भिंगरी स्टुलावरून उठला, कुबडी काखेत घेतली आणि व्हॉल्व्ह दाबून त्या चाकातली हवा त्याने स्वतः सोडली, साठ होईपर्यंत. काट्याकडे न बघता. मी नंतर मोजली, एकसष्ट होती. इतका पक्का हात आहे त्याचा, आणि त्याला स्वतःवर भरवसा नाही. त्यानंतर बारक्याला म्हणाला, "चल, आपण जाऊ या." मला वाईट वाटू नये म्हणून दोघं दारात थांबून चहाला चला म्हणाले. मी गेलो नाही.

त्या दिवसापासून त्याने माझी काळजी घ्यायला सुरुवात केली आहे. मामाला एकटं सोडू नका असं हिला सांगतो. मी नीट जेवलो का ते बघतो. गोदामातून आला की दुकानात येऊन बसतो, पायाला रग लागली तरी. अशा माणसाला मी आणखी काय सांगू? जितकं सांगतो तितका तो मला जपतो.

आणि सोमवारी सायकल गेली, पुढे तेच नवं मागवलेलं चाक बसवून. एक शिक्षक घेऊन गेले, त्यांच्या मुलीसाठी. भिंगरीने त्यांना वही दिली आणि म्हणाला, मुलीचं वजन घ्या आणि यातून बघा, पुढे हवा जरा कमी ठेवायची. शिक्षकांनी विचारलं, तुम्ही का विकताय? तो म्हणाला, "मला रस्ता नीट दिसत नाही." मी तिथे होतो. मी म्हटलं, दिसतो त्याला, सगळं दिसतं. शिक्षक माझ्याकडे बघून समजुतीने हसले. भिंगरीही हसला.

तेव्हा आता तुझ्याशिवाय कोणी नाही. मी विनवणी करतो ती नीट ऐक.

आई गेली तेव्हा तू चौदाची होतीस आणि मी सहाचा. तेव्हापासून आजपर्यंत तू मला एकदाही रागावलेली नाहीस. शाळा सोडली तेव्हा नाही, दुकानासाठी तुझ्या बांगड्या मोडल्या तेव्हा नाही. भिंगरीलाही ते माहीत आहे, तो मला चिडवायचा, आई मला धुते आणि तुला गोंजारते. तुझी माझ्यावर माया आहे हे सगळ्या जगाला माहीत असल्यामुळेच तुझा राग त्याला खरा वाटेल. माझ्या कबुलीत त्याला दया दिसते. तुझ्या रागात दिसणार नाही. स्वतःच्या भावाला उगाच कोण बोल लावेल?

येता आलं तर ये. सासूबाईंपाशी ही येऊन राहील, तिने कबूल केलंय, कशासाठी ते मी तिला सांगितलेलं नाही. येणं नाहीच जमलं तर पत्र लिही, पण माझ्या नावाने नको, त्याच्या नावाने लिही. लिही की मामाने तुझी दोन बोटं घालवली. लिही की पाणी देताना त्याला कळलं होतं आणि तो गप्प बसला. जे येईल ते लिही. मला घरात घेणार नाही म्हण. खोटं लिहू नकोस मात्र, त्याला लगेच कळतं. म्हणून आधी तुला माझं ऐकावं लागेल. घड्याळ बाजूला ठेव आणि दुसरं पत्र पुन्हा वाच. त्यात मला बरं वाटलं असं मी जिथे लिहिलंय, तिथे थांब. दुसऱ्याचा दोष घेणारा माणूस ते लिहीत नाही.

तुला राग येईलच. तुझं पोर आहे ते. आला की आवरू नकोस, माझ्या तोंडाकडे बघून तर मुळीच नको. पुढे तू माझ्याशी बोलली नाहीस तर मी समजून घेईन. मला तेवढं सोसेल की नाही ते सांगता येत नाही, पण त्याला हे सोसत नाहीये ते मी रोज बघतो.

माफ केलं असं लिहू नकोस, ताई. ते वाचून तो माझ्या पाठीवरून हात फिरवेल, आणि मग माझ्याकडे काहीच उरणार नाही.

तुझ्या मुलाच्या पुढच्या चाकात एकशेपाच पौंड हवा भरणारा,

तुझा भाऊ